ग्लॉक १७ की बेरेटा ९२ एफएस? आधी बेरेटाची पहिली गोळी नीट झाडून बघा

एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. परवाना हातात आहे, पहिलंच पूर्ण आकाराचं ९ मि.मी. पिस्तूल घ्यायचंय आणि गाडी ग्लॉक १७ आणि बेरेटा ९२ एफएस या दोघांवर येऊन अडलीय. रेंजवर दोन्ही चालवून झाली. बेरेटाचा गट, म्हणजे गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, कागदावर जास्त घट्ट आला, हातातही ते जास्त आवडलं. पण ज्याला विचारावं तो ग्लॉकच घे म्हणतो. महिन्यातून एक-दोनदा सराव होईल, पुढेमागे प्रॅक्टिकल शूटिंगच्या (घड्याळ लावून, जागा बदलत नेमबाजी करायच्या) स्पर्धांत उतरायचा विचार आहे. हात जरा लहान आहेत.

उत्तराआधी माझाच एक उलट प्रश्न. बेरेटा चालवलंत तेव्हा पहिली गोळी कशी झाडलीत? बहुतेक वेळा असं होतं: भरलेलं मॅगझिन हातात मिळतं, तुम्ही ते आत बसवता, स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे ओढून सोडता आणि नेम धरून सुरुवात करता. स्लाइड मागे गेली की हॅमर, म्हणजे मागचा घोडा, चढतो. चढलेल्या हॅमरवर ट्रिगर हलका लागतो आणि थोडक्यात सुटतो. पुढच्या प्रत्येक गोळीला स्लाइडच हॅमर चढवून देते, त्यामुळे मॅगझिन संपेपर्यंत तोच हलका ट्रिगर मिळत राहतो. म्हणजे तुम्ही सगळ्याच्या सगळ्या गोळ्या सिंगल ॲक्शनमध्ये झाडल्यात. गट घट्ट येणारच. पण तुम्ही निम्मंच बेरेटा चालवलंय, आणि जे निम्मं चालवायचं राहिलंय त्यावरच तुमचा निर्णय ठरणार आहे.

हे पिस्तूल भरून ठेवायची रीत अशी: चेंबरमध्ये काडतूस, हॅमर डीकॉकरने, म्हणजे गोळी न सुटता तो उतरवणाऱ्या लीव्हरने, खाली उतरवलेला. पहिल्या गोळीला ट्रिगरच हॅमर मागे नेतो आणि सोडतो. ही डबल ॲक्शनची ओढ लांब आणि जड असते, साधारण पाच किलोच्या घरात. पहिली गोळी सुटली की दुसरीपासून ट्रिगर एकदम निम्म्याहून हलका होतो, त्याचा प्रवासही आखडतो आणि बोटाला तो आधीपेक्षा बराच मागे सापडतो. प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये यातून सुटकाही नाही. आयपीएससी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रॉडक्शन डिव्हिजनमध्ये, म्हणजे साध्या कारखानी पिस्तुलांच्या गटात, बाहेरून दिसणारा हॅमर असलेल्या पिस्तुलाने सुरुवात करायची तर तो पूर्ण खाली असावा लागतो. भरलेल्या पिस्तुलाने सुरू होणाऱ्या प्रत्येक स्टेजची, म्हणजे स्पर्धेतल्या फेरीची, पहिली गोळी जड ट्रिगरनेच जाणार.

नवख्या उजव्या हाताच्या नेमबाजाच्या कागदावर हे लगेच दिसतं. पहिली गोळी खाली डावीकडे. बोट लांबवर ओढत असताना बाकीची बोटंही सोबत आवळली जातात, मनगट किंचित खाली झुकतं आणि नळीच्या टोकावरची पुढची साइट (नेम धरायची खूण) हॅमर सुटायच्या ऐन क्षणी मागच्या साइटच्या खाचेतून घसरते. दुसरी गोळी याच्या उलट: बोट अजून जड ओढीच्या हिशेबात असतं, ट्रिगर मात्र अर्ध्या वाटेवरच सुटतो. साइट अजून जागेवर आलेली नसते आणि गोळी भलतीकडेच जाते. तिसरीपासून सगळं सुरळीत. मी शिकायला येणाऱ्यांच्या हातात बेरेटा देतो तेव्हा बाकीच्या छिद्रांकडे बघतच नाही, फक्त पहिली दोन कुठे गेली ते बघतो.

ग्लॉकमध्ये ही भानगडच नाही. तिथे हॅमर नाही, आत स्ट्रायकर, म्हणजे स्प्रिंगने पुढे झेपावणारी फायरिंग पिन, आहे. स्लाइडच्या हालचालीने तो अर्धवट ताणलेला राहतो आणि उरलेला ताण ट्रिगर देतो. पहिल्या गोळीपासून सतराव्या गोळीपर्यंत ओढ एकच, सुमारे अडीच किलो. बेरेटाच्या सिंगल ॲक्शनइतकी ती स्वच्छ सुटत नाही. सुरुवातीचा ढिला भाग, मग स्प्रिंग दाबल्यासारखी अडणारी भिंत, मग सुटका. पण बोटाला एकच गोष्ट शिकायची असते, आणि महिन्यातून एक-दोनदा रेंजवर जाणाऱ्याला हा फरक मोठा आहे.

म्हणून पैसे मोजण्याआधी पुन्हा एकदा रेंजवर जा आणि असं करा. सात मीटरवर दोन कागद शेजारी शेजारी लावा. बेरेटाच्या मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं भरा. स्लाइड ओढून सोडा, नळी लक्ष्याकडे ठेवून लीव्हरने हॅमर उतरवा, लीव्हर परत वर करा. हॅमर अंगठ्याने धरून उतरवायचा नाही, ते काम डीकॉकरचं. आता पहिली गोळी डाव्या कागदावर, दुसरी उजव्या कागदावर. पिस्तूल रिकामं करा आणि पुन्हा तेच. दहा जोड्या झाल्या की डाव्या कागदावर तुमच्या डबल ॲक्शनचा गट असेल आणि उजव्यावर सिंगलचा. मग ग्लॉकने तशाच दहा जोड्या. डावा कागद डाव्याशी ताडून बघा. बेरेटाचा डावा गट ग्लॉकच्या जवळपास असेल तर बिनधास्त बेरेटा घ्या, कोणाचं ऐकू नका. तो दुप्पट पसरलेला असेल तर पुढच्या वर्षभराचा बराचसा सराव त्या एका गोळीवर जाणार हे धरून चाला.

बेरेटाची ही जड ओढ घरी शिकता मात्र फार चांगली येते, आणि हा मुद्दा फारसं कोणी मांडत नाही. ड्राय फायर, म्हणजे जिवंत काडतुसाविना ट्रिगर ओढायचा सराव, करताना ग्लॉकमध्ये प्रत्येक वेळी ट्रिगर परत पुढे आणायला स्लाइड थोडी मागे ओढावी लागते. पकड सुटते, साइट हलते, लय मोडते. बेरेटात डबल ॲक्शन असल्यामुळे ट्रिगर सोडला की लगेच पुन्हा ओढता येतो. पकड न हलवता एकामागून एक वीस-पंचवीस वेळा तीच लांब ओढ घेता येते. भिंतीवरच्या एका ठिपक्यावर पुढची साइट ठेवायची आणि हॅमर पडेपर्यंत ती हलली नाही पाहिजे, एवढंच. रोज दहा मिनिटं हे करणारा माणूस काही महिन्यांत असा तयार होतो की पुढे कुठलंही पिस्तूल दिलं तरी त्याचा ट्रिगर बिघडत नाही. ड्राय फायरच्या खोलीत जिवंत काडतूस नको, चेंबरमध्ये डमी काडतूस घाला, आणि सराव संपला म्हटल्यावर खरंच संपवा. ‘आता शेवटचं एकदा’ म्हणून पुन्हा पिस्तूल उचलणं हे अपघाताचं नेहमीचं कारण आहे.

हाताच्या मापाकडे येतो, कारण तुम्ही हात लहान असल्याचं लिहिलंय आणि बेरेटात ते आडवं येऊ शकतं. दुहेरी रांगेचं मॅगझिन, रुंद ग्रिप (मूठ), आणि हॅमर खाली असताना ट्रिगर बराच पुढे. मॅगझिन काढून, चेंबर डोळ्याने आणि बोटानेही तपासून, पिस्तूल एका हातात असं धरा की नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येतील. आता हॅमर खाली असताना तर्जनी ट्रिगरवर ठेवा. बोटाच्या टोकाची गादी ट्रिगरवर नीट बसली तर ठीक. तिथे पोचण्यासाठी पिस्तूल तळव्यात फिरवून घ्यावं लागत असेल आणि मागचा धक्का अंगठ्याच्या सांध्यावर येत असेल तर ते पिस्तूल तुमच्या मापाचं नाही. हातात भरल्यासारखं वाटणं आणि मापात बसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बेरेटाची ग्रिप इतकी गोलसर घडवलेली आहे की ती जवळपास सगळ्यांनाच आवडते, ट्रिगरपर्यंत बोट पोचत नसलं तरी.

ग्लॉकची ग्रिप बघताक्षणी कोणाला आवडली असं मी अजून पाहिलेलं नाही. विटेच्या आकाराची आहे म्हणतात ते काही खोटं नाही. पण ट्रिगरचं अंतर कमी आहे, आणि चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०१० पासून, ग्रिपच्या मागच्या बाजूला बदलता येणाऱ्या पट्ट्या मिळतात. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीत पुढच्या बाजूला बोटांसाठी खाचा होत्या. ज्याची बोटं त्या खाचांत बसत नाहीत त्याला त्या टोचतात. २०१७ च्या पाचव्या पिढीत त्या काढून टाकल्या, म्हणून लहान हातांना मी पाचवी पिढीच सांगतो. एक सवय मात्र करावी लागते. ग्रिपचा कोन बऱ्याच पिस्तुलांपेक्षा जास्त कलता आहे, त्यामुळे दुसऱ्या पिस्तुलांवर हात बसलेला माणूस ग्लॉक समोर आणतो तेव्हा नळी थोडी वर बघत असते. तुमचं हे पहिलंच पिस्तूल असल्याने तुम्हाला जुनं काही विसरायचं नाही.

धक्क्याच्या बाबतीत बेरेटा उजवं आहे, यात वाद नाही. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची फ्रेम, १२५ मि.मी. नळी, रिकाम्या मॅगझिनसह वजन साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास. पॉलिमर फ्रेमचं ग्लॉक त्यापेक्षा पाव किलोने हलकं, नळी ११४ मि.मी. काडतूस दोन्हीकडे तेच, त्यामुळे जड पिस्तूल हातात शांत राहतं. शिवाय बेरेटाची नळी ग्लॉकसारखी मागून खाली कलत नाही, सरळ मागे जाते. नळी आणि स्लाइड जोडून ठेवणाऱ्या, खाली पडणाऱ्या लॉकिंग ब्लॉकची ही रचना वॉल्थर पी३८ वरून आलेली आहे. स्लाइडचा वरचा भाग जवळजवळ सगळा उघडा, म्हणून रिकामं कवच अडकणं अगदी विरळा. हलक्या ग्लॉकला मनगट घट्ट लागतं. ते सैल पडलं तर फ्रेमही स्लाइडबरोबर मागे जाते, स्लाइडला पूर्ण मागे जायला पुरेसा जोर मिळत नाही आणि कवच अडकतं. नवखे त्याचा दोष पिस्तुलाला देतात. लांबवर उभं राहून सावकाश कागदावर गोळ्या घालण्यातच तुम्हाला आनंद असेल तर हा सगळा परिच्छेद बेरेटाच्या बाजूने वाचा.

सेफ्टीबद्दल लोक ग्लॉकला घाबरतात, कारण बाहेरून लीव्हर दिसत नाही. तिथे ट्रिगरमधली पाती, फायरिंग पिनची अडसर आणि पडल्यावर रोखणारी यंत्रणा अशा तीन सेफ्टी आहेत, आणि तिन्ही ट्रिगर ओढताच आपोआप सुटतात. अर्थ सरळ आहे: बोट ट्रिगरवर गेलं की पिस्तूल तयार. होल्स्टर ट्रिगर पूर्ण झाकणारं आणि कडक असलंच पाहिजे, आणि पिस्तूल आत सरकवताना शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी मध्ये येत नाही ना हे बघून, सावकाश सरकवायचं. दुसरी गोष्ट, साफसफाईसाठी ग्लॉक उघडताना ट्रिगर दाबावाच लागतो. म्हणून क्रम कधीच बदलायचा नाही: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड ओढून चेंबर रिकामं, मग चेंबर बघायचं, बोट घालून चाचपायचं, आणि मगच सुरक्षित दिशेला ट्रिगर. क्रम उलटा केला, आधी स्लाइड आणि मग मॅगझिन, तर मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसतं. बेरेटा उघडताना ट्रिगरला हात लावावा लागत नाही. उजवीकडचं बटण दाबा, डावीकडचा लीव्हर फिरवा, स्लाइड पुढे निघते. कंटाळवाण्या, दमलेल्या संध्याकाळी हा फरक मोलाचा ठरतो.

बेरेटा एफएसचा सेफ्टीचा लीव्हर मात्र मला कधीच पटलेला नाही. तो स्लाइडवर आहे आणि डीकॉकरचं कामही तोच करतो. खाली दाबला की हॅमर उतरतो आणि लीव्हर खालीच राहतो, म्हणजे पिस्तूल सेफवर. आता वरून तळवा ठेवून स्लाइड जोरात ओढा. तळव्याच्या किंवा बोटांच्या घासण्याने लीव्हर खाली जातो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. घड्याळ सुरू, ट्रिगर ओढला, तो ढिला मागे आला आणि काहीच झालं नाही. स्पर्धेत हे पाहायला मिळतं. याला उपाय म्हणजे ‘जी’ प्रकार, ज्यात लीव्हर फक्त हॅमर उतरवतो आणि सोडला की स्वतः वर येतो. बेरेटा घ्यायचं ठरलं तर शक्य असेल तिथे जी प्रकारचंच बघा. डबल ॲक्शनची जड ओढ असताना वर आणखी सेफ्टी लावून ठेवण्याची क्रीडाप्रकारात तरी गरज नाही.

डावखुरे असाल तर: बेरेटाचा सेफ्टी लीव्हर दोन्ही बाजूंना आहे, पण स्लाइड मागे अडवून ठेवणारा स्लाइड स्टॉप डावीकडेच. पाचव्या पिढीच्या ग्लॉकमध्ये स्लाइड स्टॉप दोन्हीकडे मिळतो.

मॅगझिनमध्ये ग्लॉकची सतरा की बेरेटाची पंधरा काडतुसं, यावर लोक तासन्‌तास भांडतात. प्रॉडक्शन डिव्हिजनमध्ये स्टेज सुरू होताना मॅगझिनमध्ये पंधराच भरता येतात. वाद मिटला.

साइट बदलायच्या असतील तर ग्लॉक सोपं आहे. मूळच्या प्लॅस्टिकच्या साइट काढून धातूच्या बसवणं हे नवीन ग्लॉकवरचं पहिलं काम समजा. जुन्या साच्याच्या ९२ एफएसमध्ये पुढची साइट स्लाइडमधूनच कोरलेली असते. ती काढता येत नाही, फार तर रंगवता येते. रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी काचेची साइट) लावायचा बेत असेल तर ग्लॉकचा त्यासाठीच बनवलेला एमओएस प्रकार घ्या. बेरेटातही एम९ए४ सारखे नवे प्रकार त्यासाठी तयार येतात, साधं एफएस येत नाही.

कुठलं सैन्य काय वापरतं हा मुद्दा मी सहसा बाजूला ठेवतो, पण तो निघतोच. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये ग्लॉक पी८० या नावाने घेतलं. अमेरिकेने १९८५ मध्ये बेरेटा एम९ म्हणून स्वीकारलं आणि २०१७ मध्ये त्याच्या जागी सिग पी३२० निवडलं. ब्रिटिश सैन्याने २०१३ मध्ये ग्लॉक १७ घेतलं. या निवडी हजारो जणांना एकाच पद्धतीने शिकवायचं, सुटे भाग किती, खर्च किती अशा हिशेबांनी होतात. तुमच्या तर्जनीची लांबी त्यात कुणी मोजलेली नसते. बेरेटाची स्लाइड तुटते ही ऐकीव भीतीही तिथूनच आलेली आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी सैन्याच्या वापरात काही स्लाइड खरोखर तुटल्या आणि मागचा भाग उडून नेमबाजांना इजा झाली. त्यानंतर हॅमरच्या पिनचं डोकं मोठं केलं, जेणेकरून स्लाइड तुटली तरी मागे निसटणार नाही. ‘एफएस’ म्हणतात ते हेच सुधारलेलं पिस्तूल. आज घेणाऱ्याने त्याची धास्ती बाळगायचं कारण नाही.

देखभालीत ग्लॉक अगदीच बिनतक्रार. मोजके थेंब तेल, ठरलेल्या जागी. जास्त तेल घालणारेच त्याला त्रास देतात. शिशाच्या उघड्या गोळ्या मात्र जुन्या पिढ्यांच्या बहुकोनी नळीत वापरू नका, शिसं साचत जातं आणि दाब वाढतो. आवरण असलेल्या गोळ्याच वापरा. बेरेटाला थोडी माया लागते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर स्टीलची स्लाइड घासते, रेल कोरड्या ठेवल्या तर झीज होते, म्हणून तिथे तेलापेक्षा हलकं ग्रीस बरं. लॉकिंग ब्लॉक आणि ट्रिगरची स्प्रिंग हे झिजणारे भाग आहेत. ट्रिगरची स्प्रिंग सुटी घेऊन ठेवा, ती तुटते तेव्हा ट्रिगर पुढे यायचा थांबतो आणि तो दिवस नेमका स्पर्धेचा असतो. हॅमरची स्प्रिंग बदलून बेरेटाच्याच ‘डी’ प्रकारची बसवली तर डबल ॲक्शन बरीच सुसह्य होते. हे काम बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून करून घ्या आणि नंतर तुम्ही वापरता ती काडतुसं दर वेळी पेटतात ना याची खात्री करा.

तुमच्यासाठी माझं मत: ग्लॉक १७, पाचवी पिढी. कारण लहान हात, महिन्यातून एक-दोनदाच रेंज, आणि हॅमर खाली ठेवून सुरुवात करायला लावणारे स्पर्धेचे नियम. या तिन्ही गोष्टी एकाच बाजूला झुकतात. यातलं थोडं वेगळं असतं, समजा बोट ट्रिगरवर नीट पोचत असतं आणि रोज घरी ड्राय फायर करायची तयारी असती, तर मी बेरेटा ९२ जी म्हणालो असतो. ते जास्त आनंद देणारं पिस्तूल आहे, आणि माझ्या स्वतःच्या बॅगेत तेच असतं. दोन कागदांची चाचणी मात्र माझ्या मतापेक्षा वरचढ धरा. डावा कागद वेगळं सांगत असेल तर मला बाजूला ठेवा.

आणि वापरलेलं बेरेटा मिळत असेल तर बघायच्या जागा: स्लाइड काढून लॉकिंग ब्लॉकच्या दोन्ही कानांच्या मुळाशी बारीक तडा आहे का ते भिंगाखाली बघा, फ्रेमच्या रेलवरचा काळा थर उडून पांढरा धातू कुठवर दिसतोय ते बघा, आणि रिकाम्या पिस्तुलाचा हॅमर चढवून डीकॉकर आठ-दहा वेळा चालवा, हॅमर दर वेळी एकाच झटक्यात पूर्ण खाली आला पाहिजे. वापरलेल्या ग्लॉकमध्ये मागच्या मालकाने ट्रिगरचे भाग घासून किंवा बदलून ठेवलेत का एवढं विचारा. ठेवले असतील तर कंपनीचे मूळ भाग परत बसवल्याशिवाय त्यात काडतूस भरू नका.